बालवयातील दुर्धर अपस्मार : शल्यकर्म आणि तंत्रिका-उद्दीपन यांच्या तुलनेची कसोटी

१

अपस्मार हा आपल्या वैद्यकपरंपरेला नवा विषय नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात त्याला स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत, आणि लोकभाषेत तर फेफरे, मिरगी, आकडी अशी त्याची कितीतरी नावे रूढ आहेत. नवा आहे तो या रोगाचा एक विशिष्ट वर्ग, म्हणजे औषधांना न जुमानणारा बालवयातील अपस्मार, आणि त्यावर गेल्या काही दशकांत पुढे आलेले दोन उपचार. पहिला मेंदूवरील शल्यकर्माचा. दुसरा मानेतील व्हेगस तंत्रिकेला, म्हणजे मराठी परिभाषेतील प्राणेशा तंत्रिकेला, विजेचे सौम्य स्पंद देऊन उद्दीपित करण्याचा. या दोहोंपैकी श्रेष्ठ कोणता, असा प्रश्न वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार विचारला जातो. हाच प्रश्न, वेगळ्या शब्दांत, जुन्नरहून किंवा वेल्ह्याहून पुण्याच्या इस्पितळात मूल घेऊन आलेले आईबापही विचारतात : डोक्याचे ऑपरेशन करावे, की मशीन बसवावे?

प्रस्तुत लेखाचा हेतू या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर देणे हा नव्हे. तो अधिकार चिकित्सकांचा आहे. ज्या आकड्यांच्या आधारे हे उत्तर दिले जाते ते आकडे एकमेकांशी तुलनीय आहेत काय, हे तपासणे एवढेच येथे योजिले आहे. मापन हा मानसशास्त्राच्या अभ्यासकांचा रोजचा विषय असल्याने ही तपासणी आपल्या कक्षेबाहेरची ठरू नये.

२

प्रथम विषयाची मर्यादा आखून घ्यावयास हवी. योग्य रीतीने निवडलेली व रोग्याला मानवलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत, म्हणजे तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजावा, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१० साली केली. दोनच औषधे का, याचे उत्तर २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्लासगो येथील अभ्यासात सापडते. क्वान आणि ब्रॉडी यांनी ५२५ रुग्णांचा पाठपुरावा केला. पहिल्याच औषधाने ४७ टक्के रुग्णांचे झटके थांबले. त्यानंतरच्या प्रत्येक औषधागणिक यशाची शक्यता झपाट्याने घटत गेली. याचा अर्थ, तिसरे, चौथे, पाचवे औषध बदलत राहण्यात जी वर्षे जातात, ती बहुतांशी वाया जातात. प्रौढाच्या बाबतीत ही हानी वर्षांत मोजता येते. मुलाच्या बाबतीत मात्र ती भाषा, चालणे, अक्षरओळख आणि सवंगड्यांशी खेळणे यांत मोजावी लागते, कारण याच वर्षांत मेंदूची घडण होत असते.

आता दोन उपचारांचे स्वरूप. झटक्यांचे उगमस्थान शोधून ते काढून टाकावे, ही शल्यकर्मामागील मूळ कल्पना. लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ले यांनी १८८६ मध्ये या दिशेने पहिली महत्त्वाची पावले टाकली. पुढे मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफील्ड यांनी या शास्त्राला पक्के रूप दिले. पेनफील्ड यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ साली वेल्लोरला मेंदूशल्याचा विभाग सुरू केला आणि तेथून ही विद्या भारतात रुजली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अपस्मार-शल्यकर्माचा पद्धतशीर कार्यक्रम उभा राहिला, आणि त्यामुळे देशातील पुष्कळ रुग्णांना परदेशाची वाट धरण्याचे कारण उरले नाही.

परंतु ‘शल्यकर्म’ या एका शब्दाखाली किमान दोन भिन्न हेतू दडलेले आहेत. उगमस्थान काढून टाकणे किंवा रोगग्रस्त गोलार्ध उरलेल्या मेंदूपासून विलग करणे, यामागील हेतू रोगनाशाचा आहे. मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा तंतूंचा सेतू छेदणे, यामागील हेतू मात्र रोग निवारण्याचा नसून झटक्याचा प्रसार अडविण्याचा आहे. हा सेतुच्छेद व्हॅन वॅगनेन यांनी १९४० साली रॉचेस्टर येथून प्रथम प्रसिद्ध केला. आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांना तो दुसऱ्याच संदर्भात परिचित असतो. रॉजर स्पेरी यांना १९८१ साली ज्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, त्यातील रुग्ण अशाच शस्त्रक्रियेतून गेलेले होते. लेनॉक्स-गास्तो लक्षणसमूहासारख्या व्याधीत मूल उभ्याउभ्या एकाएकी कोसळते, दात पडतात, कपाळ फुटते. तेथे सेतुच्छेदाचा विशेष विचार केला जातो.

तंत्रिका-उद्दीपनाचा इतिहास अलीकडचा आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे पेनरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली पहिल्या रुग्णात हे यंत्र बसविले. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली एक लहानसे यंत्र आणि तेथून मानेतील डाव्या व्हेगस तंत्रिकेपर्यंत गेलेली तार, अशी त्याची रचना असते. डावीच बाजू घेण्याचे कारण असे की, हृदयाच्या ठोक्यांचा ताल राखणाऱ्या केंद्राशी उजव्या तंत्रिकेचा संबंध अधिक असतो. यंत्र सामान्यतः तीस सेकंद स्पंद देते व पाच मिनिटे थांबते, आणि हे चक्र अहोरात्र चालू राहते. अमेरिकन शासनाने १९९७ साली बारा वर्षांवरील रुग्णांसाठी व २०१७ साली चार वर्षांवरील मुलांसाठी त्यास संमती दिली. आवाज घोगरा होणे व खोकला हे त्याचे नेहमीचे उपद्रव होत. बॅटरी काही वर्षांनी संपते आणि ती बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणजे ‘ऑपरेशन की मशीन’ हा भेद शब्दशः खरा नव्हे. मशीन बसविणे हीही एक शस्त्रक्रियाच आहे, फक्त ती कवटीबाहेरची आहे.

३

आता प्रमाणांकडे वळू. शल्यकर्माच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच देशातून आला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील द्विवेदी, शरत् चंद्र, त्रिपाठी आदी संशोधकांनी १८ वर्षांपर्यंतच्या ११६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक विभागणी केली. ५७ जणांवर शल्यकर्म झाले, ५९ जणांना केवळ औषधे देण्यात आली. एक वर्षानंतर पहिल्या गटातील ७७ टक्के मुले झटक्यांपासून पूर्ण मुक्त होती; दुसऱ्या गटात हे प्रमाण अवघे ७ टक्के होते. २०१७ साली हा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढांच्या बाबतीत कॅनडातील वीब यांनी २००१ साली ८० रुग्णांवर असाच प्रयोग करून ५८ व ८ टक्के असे आकडे दिले होते. मुलांच्या बाबतीत ती उणीव दिल्लीने भरून काढली.

या प्रयोगाची नैतिक बाजू विचार करण्याजोगी आहे. ज्याला शल्यकर्माचा लाभ होण्याचा संभव आहे अशा मुलाला वर्षभर केवळ औषधांवर ठेवणे कसे समर्थनीय ठरते? उत्तर असे की, त्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी प्रतीक्षा यादी होतीच, आणि औषधगटातील मुले त्या यादीवरच होती. सुविधांच्या तुटवड्याने प्रयोगशाळेचे काम केले, असेच म्हणावे लागते. विज्ञानाचा त्यात लाभ झाला हे खरे; पण ज्ञान ज्या परिस्थितीतून उपजले तिचा विसर पडणे योग्य नव्हे.

प्रयोगाच्या दोन मर्यादा येथे नोंदविल्या पाहिजेत. पहिली : ७७ टक्के हा आकडा एका शस्त्रक्रियेचा नाही. त्या ५७ जणांत शंखखंडावरील १४, इतर खंडांवरील १२, गोलार्ध विलग करण्याच्या १५, सेतुच्छेदाच्या १० आणि हायपोथॅलॅमसमधील गाठीवरील ६ शस्त्रक्रिया होत्या. हेतूने व परिणामाने भिन्न अशा पाच कर्मांची ही सरासरी आहे. ती धोरण ठरविण्यास उपयोगी पडेल. एका विशिष्ट मुलाचे भवितव्य सांगण्यास ती पुरेशी नाही. शल्यगटातील १९ मुलांत गंभीर उपद्रव घडले आणि त्यांत अवयवांच्या दुर्बलतेचा भाग मोठा होता, हीही गोष्ट त्याच आकड्याशेजारी ठेवून वाचली पाहिजे. गोलार्ध विलग करताना अशी दुर्बलता पुष्कळदा पूर्वकल्पित असते, पण म्हणून ती किंमत नाही असे होत नाही.

दुसरी मर्यादा आपल्या विषयाची आहे. झटक्यांची तीव्रता, वर्तन, जीवनमान आणि सामाजिक परिपक्वता या मापांवर शल्यगट सरस ठरला; बुद्धिमापनावर मात्र दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. हे मापन बिने-कामत श्रेणीने केलेले होते. ही श्रेणी व्ही. व्ही. कामत यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई-कर्नाटक भागातील मराठी व कानडी मुलांसाठी सिद्ध केली होती, हे येथे स्मरावे. जिचे मानदंड इतके जुने आहेत ती श्रेणी, वर्षानुवर्षे झटके सोसलेल्या मुलांवर, केवळ एका वर्षाच्या अंतराने वापरली असता फरक दिसला नाही, एवढ्यावरून ‘शल्यकर्माने बुद्धी वाढत नाही’ असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. फरक नसणे आणि फरक मोजता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४

तंत्रिका-उद्दीपनाच्या पुराव्याची घडण अगदी निराळी आहे. येथे तुलना औषधांशी केलेली नाही. जोरकस उद्दीपनाची तुलना नाममात्र उद्दीपनाशी केलेली आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमुख प्रयोगात जोरकस गटातील झटके सरासरी २८ टक्क्यांनी व नाममात्र गटातील १५ टक्क्यांनी घटले. त्यात बारा वर्षांखालील मुले नव्हती. मुलांवरील यादृच्छिक प्रयोग क्लिंकेनबर्ग व सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये केला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यात ४१ मुले होती. झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटण्याचे प्रमाण जोरकस गटात १६ टक्के, तर नाममात्र गटात २१ टक्के निघाले. म्हणजे मुलांच्या बाबतीत, निदान त्या वीस आठवड्यांत, दोन मात्रांमधील फरक सिद्ध झाला नाही.

यावर असे उत्तर दिले जाते की, उद्दीपनाचा गुण हळूहळू, दोन-दोन वर्षांनी येतो. तसे असणे शक्य आहे. परंतु दीर्घकालीन अभ्यासांत तुलनेचा गट नसतो, औषधे मधल्या काळात बदललेली असतात, आणि ज्यांना गुण येत नाही ते पाठपुराव्यातून गळून जातात. गळलेल्यांना वगळून उरलेल्यांची टक्केवारी काढली, तर ती वर्षागणिक वाढणारच. ही शंका उपचाराविरुद्ध नसून मोजणीविरुद्ध आहे.

येथे मूळ मुद्दा स्पष्ट होतो. शल्यकर्माच्या लेखनात ‘यश’ म्हणजे झटक्यांपासून पूर्ण मुक्ती. उद्दीपनाच्या लेखनात ‘यश’ म्हणजे झटके निम्म्याने घटणे. शब्द एक, पण माप दोन. रोज चाळीस वेळा कोसळणारे मूल वीस वेळा कोसळू लागले, तर दुसऱ्या मापाने ते यशस्वी. पहिल्या मापाने ते अयशस्वी. तेव्हा ‘७७ टक्के यश’ आणि ‘५० टक्के यश’ असे आकडे शेजारी मांडून तुलना करणे हा तर्कदोष आहे, आणि तो पालकांना द्यावयाच्या पत्रकांतच नव्हे, तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतही शिरण्याचा संभव आहे.

५

ज्या अभ्यासांनी दोन्ही उपचार एकाच मापाने मोजले, ते अधिक उपयोगी आहेत. कोरियातील यू व सहकाऱ्यांनी २००८ साली लेनॉक्स-गास्तो लक्षणसमूहाच्या १४ मुलांवरील सेतुच्छेद व १० मुलांवरील उद्दीपन यांची तुलना केली. झटके निम्म्याहून अधिक घटण्याचे प्रमाण अनुक्रमे ६४.३ व ७० टक्के आले. तीनचतुर्थांशाहून अधिक घटण्याचे प्रमाण ३५.७ व २० टक्के आले. म्हणजे माप सैल ठेवले तर उद्दीपन किंचित पुढे, माप कडक केले तर सेतुच्छेद पुढे. इतक्या लहान संख्यांवरून कोणताच निर्णय होऊ शकत नाही, हे उघड आहे. पण कसोटी बदलताच क्रम बदलतो, ही गोष्ट मात्र हा अभ्यास उत्तम रीतीने दाखवितो.

२०१३ साली लँकमन व सहकाऱ्यांनी अशा २६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांत उद्दीपनाचे ४८० व सेतुच्छेदाचे १२६ रुग्ण होते. कोसळण्याचे झटके निम्म्याहून अधिक घटण्याचे प्रमाण सेतुच्छेदानंतर ८० टक्के, उद्दीपनानंतर ५४ टक्के. तीनचतुर्थांशाहून अधिक घटण्याचे प्रमाण ७० व २६ टक्के. झटक्यांच्या इतर प्रकारांत मात्र दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. या निष्कर्षात एक प्रकारची आंतरिक सुसंगती आहे. कोसळण्याचा झटका हा दोन्ही गोलार्ध एकाच क्षणी ग्रासल्याने येतो. तेव्हा त्यांच्यामधील सेतू छेदल्याने नेमका तोच कमी व्हावा, हे कार्यकारणभावाला धरून आहे. तरीही, या अभ्यासांतील रुग्ण दोन उपचारांत यादृच्छिक पद्धतीने वाटलेले नव्हते, हे विसरता कामा नये.

हीच उणीव एका अलीकडच्या व भव्य अभ्यासात अधिक ठळकपणे दिसते. झँग, हॉल आणि लॅम यांनी अमेरिकेतील बालरुग्णालयांच्या नोंदींवरून दुर्धर अपस्माराच्या १८,२९२ मुलांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध केला. दहा वर्षे जिवंत राहण्याची संभाव्यता केवळ औषधे घेणाऱ्यांत ८९.२७ टक्के, औषधांसह उद्दीपन घेणाऱ्यांत ९२.६५ टक्के व औषधांसह मेंदूचे शल्यकर्म झालेल्यांत ९८.४५ टक्के आढळली. झटके थांबणे आणि जीव वाचणे यांचा संबंध जोडणारा इतका मोठा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही. अपस्मारात झोपेत अकस्मात मृत्यू येतो, आणि अनियंत्रित झटके हे त्याचे प्रमुख कारण समजले जाते.

परंतु हे आकडे वाचताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे : कोणते मूल कोणत्या गटात गेले, आणि का? ज्या मुलाच्या मेंदूत एकच, स्पष्ट, काढता येण्याजोगे उगमस्थान असते, ते शल्यकर्माच्या गटात जाते. ज्याचा मेंदू सर्वत्र विकृत आहे, ज्याला गिळता येत नाही, ज्याची फुप्फुसे वारंवार बिघडतात, ते पुष्कळदा उद्दीपनाच्या वाट्याला येते. दुसऱ्या मुलाला मृत्यूचा धोका उपचारापूर्वीच अधिक असतो. संशोधकांनी संख्याशास्त्रीय भारांकनाने हा फरक भरून काढण्याचा प्रामाणिक यत्न केला आहे. पण भारांकन जे नोंदले आहे तेवढ्याचेच करता येते. रुग्णालयाच्या प्रशासकीय नोंदींत विद्युत्-मस्तिष्कालेख कसा होता, दिवसाला झटके किती येत, हे नसते. म्हणून हा अभ्यास ‘शल्यकर्माने जीव वाचतो’ हे सिद्ध करीत नाही. ‘शल्यकर्मायोग्य मुलाला शल्यकर्मावाचून ठेवणे धोक्याचे असू शकते’ हे मात्र गंभीरपणे सुचवितो. दोन विधानांतील अंतर लहान दिसले, तरी संशोधकाची सारी जबाबदारी त्या अंतरात आहे.

६

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा : शल्यकर्म आणि तंत्रिका-उद्दीपन हे सर्वसाधारणपणे प्रतिस्पर्धी उपचार नव्हेत. ज्याचे उगमस्थान काढता येते किंवा ज्याचा रोगग्रस्त गोलार्ध विलग करता येतो, त्या मुलाच्या बाबतीत निवड शल्यकर्म आणि झटके यांच्यात आहे; तेथे उद्दीपनाला समान पर्याय म्हणून मांडणे पुराव्याला सोडून होईल. ज्याच्या बाबतीत हे शक्य नाही, त्याला उद्दीपन हा उपशमाचा एक मार्ग आहे, आणि निम्मे झटके कमी होणे हीही त्या घरात लहान गोष्ट नसते. खरी स्पर्धा आहे ती सेतुच्छेद आणि उद्दीपन या दोन उपशामक उपचारांत, आणि तेथे निर्णय टक्केवारीने नव्हे, तर झटक्याच्या प्रकाराने व्हावयास हवा. मूल कोसळून जखमी होत असेल तर पारडे एकीकडे झुकते. झटके इतर प्रकारचे असतील तर कवटी न उघडण्याचा लाभ दुसरीकडे तोलावा लागतो.

म्हणूनच ‘ऑपरेशन की मशीन’ या प्रश्नाआधी ‘या मुलाची शल्यकर्मासाठी तपासणी झाली आहे काय?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. ही तपासणी म्हणजे शस्त्रक्रियेला संमती नव्हे. मेंदूचे चुंबकीय चित्रण, झटका येत असतानाचा चित्रफितीसह विद्युत्-आलेख आणि मानसशास्त्रीय परीक्षा, एवढेच तिचे मुख्य स्वरूप आहे. कवटीची भीती नैसर्गिक आहे. परंतु त्या भीतीने ‘सौम्य’ वाटणारा उपाय आधी करून पाहू म्हणून दोन-तीन वर्षे घालविली, तर ती वर्षे मुलाच्या वाढीतून वजा होतात, आणि त्यांची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

शेवटी आपल्याकडील अभ्यासकांसाठी एक सूचना. पुण्यात व महाराष्ट्रात या दोन्ही उपचारांतून गेलेल्या मुलांचा पाठपुरावा करावयाचा, तर माप आधी ठरवावे लागेल. झटक्यांची केवळ संख्या न मोजता त्यांचा प्रकार, दुखापती, शाळेतील हजेरी, मुलाची सामाजिक परिपक्वता आणि रात्री त्याच्या उशाशी जागणाऱ्या आईची झोप, या सर्वांची नोंद दोन्ही गटांत एकाच पद्धतीने, उपचारापूर्वीपासून आणि किमान पाच वर्षे झाली पाहिजे. व्हाइनलँड श्रेणीचे नागपुरात झालेले रूपांतर आणि कामतांची श्रेणी हा आपला वारसा आहे. आजच्या मराठी मुलांवर त्यांचे नव्याने प्रमाणीकरण करणे हे वैद्यकाचे नव्हे, तर आपल्या विषयाचे काम आहे. जोवर ते होत नाही, तोवर एखादे मूल शस्त्रक्रियेनंतर सुधारले की नाही, हे सांगण्यास त्याच्या आईचा शब्द आपल्या श्रेणीपेक्षा अधिक विश्वसनीय राहील.